ट्रॉलीच्या मागची लाल पट्टी : बाजारातल्या रिफ्लेक्टरची पारख

उसाच्या ट्रॉलीला लावायची रिफ्लेक्टर पट्टी विकत घेतो ट्रॉलीवाला, पण ती दिसायला हवी असते मागून येणाऱ्याला. या एका गोष्टीनं मराठवाड्याच्या बाजारात या मालाचं वाटोळं केलंय. टायर खराब निघाला तर घेणाऱ्याची स्वतःची खेप बुडते, म्हणून टायरसाठी तो चार दुकानं फिरतो. पट्टी खराब निघाली तर त्याचं काहीच अडत नाही. ट्रॉली तशीच चालते आणि ऊस तसाच कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो. अडतं ते रात्री नऊ वाजता मोटारसायकलवरून गावाकडं निघालेल्या कुणाचं तरी. त्यामुळं गिऱ्हाईक दुकानात शिरताच ‘स्वस्तातली कोणती?’ असं विचारतं आणि दुकानदारही तीच पुढं करतो. लातूर, नांदेड, परभणी, बीडच्या ऑटो पार्टच्या दुकानांत आणि तालुक्यातालुक्याच्या रेडियमवाल्यांकडं जे मिळतं, त्यातलं काय घ्यावं, काय घेऊ नये आणि चांगलं घेऊनही ते वाया कसं जातं, हे इथं सांगायचं आहे.

आधी हिशेब. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढं सरकते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथंच संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे ७० मीटर झाले. ताशी ६० चा वेग असेल तर हाच आकडा ४५ मीटरवर येतो. आता डिपर लाइटमध्ये, म्हणजे खाली घेतलेल्या उजेडात, मातीनं माखलेली, रंग उडालेली, विनादिव्याची ट्रॉली साधारण ५० मीटरच्या आतच नजरेत भरते. ७० मीटर लागत असताना ५० मीटरवर दिसलं, तर चालवणारा कितीही हुशार असला तरी धडक ठरलेली. चांगली पट्टी हेच अंतर दोन-अडीचशे मीटरवर नेते. यापलीकडं तिचं दुसरं काम नाही, आणि तेवढंच काम पुरेसं आहे.

ट्रॅक्टरला मागं एक नाही, दोन ट्रॉल्या असतात. हेड म्हणजे पुढचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि मधले दांडे धरून लांबी १४ मीटरच्या आसपास जाते. फडातून भरून निघालेलं हे लटांबर पाणंदीतून डांबरी रस्त्यावर चढतं तेव्हा पहिल्या गिअरमध्ये असतं, चालत्या माणसाच्या वेगानं. सात मीटरचा रस्ता पूर्ण मोकळा करायला त्याला पंधरा सेकंद तरी हवेत. तेवढ्या वेळात ८० नं येणारी गाडी सव्वातीनशे मीटर कापते. तिच्या ड्रायव्हरला दिसतो फक्त ट्रॅक्टरचा पुढचा दिवा, रस्ता ओलांडून बाजूला जाताना. गेला वाटतं, असं समजून तो दिव्याच्या मागच्या बाजूनं गाडी काढतो. तिथं ट्रॉल्या आडव्या असतात. म्हणून बाजूच्या पिवळ्या पट्ट्या या शोभेच्या नव्हेत. बहुतेक जण मागं हातभर लाल पट्टी चिकटवतात आणि बाजू कोऱ्या सोडतात. मांजरा-गोदावरीच्या काठी आणि कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात, जिथं प्रत्येक अर्ध्या किलोमीटरवर एक पाणंद रस्त्याला येऊन मिळते, तिथं हा निष्काळजीपणा सगळ्यात महाग पडतो.

आता माल. आपल्याकडं या सगळ्याला ‘रेडियम’ हेच नाव पडलंय. यात रेडियम नावालाही नसतं, आणि त्या नावानं एक घातक समज पसरलाय, तो म्हणजे अंधारात हे आपोआप चमकतं. तसं नाही. ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यावर पडलेला उजेड जिथून आला तिथंच परत पाठवते. समोरच्याचा दिवाच बंद असेल, तर जगातली सगळ्यात महागडी पट्टीही काळी ठिक्कर.

सगळ्यात खालच्या थराला चमकी पट्टी. दिवसा दुकानात ही सगळ्यात झगझगीत दिसते, आरशासारखी, कधी इंद्रधनुषी. फसवणूक इथंच सुरू होते. ती आरशासारखी आहे, म्हणजे उजेड समोरून तिरका पडला की तिरकाच दुसरीकडं फेकणार. गाडीवाल्याच्या डोळ्यांत काहीच येत नाही. जुन्या सीडी टांगणं हाही याच जातीचा प्रकार. ही फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण पट्टी लावल्याचं समाधान तेवढं होतं आणि खरी पट्टी लावायची राहून जाते.

दुसरी, रेडियमच्या दुकानात नंबरप्लेट आणि देवाची नावं कापायला वापरतात ती मण्यांची पट्टी. पातळ फिल्ममध्ये काचेचे बारीक मणी बसवलेले असतात. ही उजेड परत पाठवते, पण कमी. पांढऱ्या रंगात हिची प्रत साधारण ७० च्या घरात असते आणि लाल रंगात १४-१५ वर येते. हा आकडा म्हणजे पट्टीवर पडलेल्या उजेडाच्या मानानं परत किती येतो त्याचं माप. मोठ्या वाहनांसाठीच्या तिसऱ्या जातीला, म्हणजे प्रिझमच्या पट्टीला, पांढऱ्यात किमान ४५०, पिवळ्यात ३०० आणि लाल रंगात १२० लागतं. मोजण्याचे कोन थोडे वेगळे आहेत, त्यामुळं आकडे तंतोतंत भागायचे नाहीत, पण लाल रंगातला फरक आठपटीच्या जवळ आहे हे लक्षात ठेवा. मागं लावायची असते ती लालच. म्हणजे मण्यांची पट्टी जिथं सगळ्यात जास्त गरज तिथंच सगळ्यात दुबळी. शिवाय स्वस्त लाल शाई आपल्या उन्हात टिकत नाही. दोन उन्हाळ्यांत ती गुलाबी पडते आणि नंतर पांढुरकी. ही पट्टी हेल्मेटला, सायकलला ठीक. वीस टनांच्या आसपासचं ओझं वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या जोडीला नाही.

घ्यायची ती तिसरी, प्रिझमची. नीट पाहिलं तर तिच्यात बारीक चौकोनी किंवा मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. रुंदी ५० मिलिमीटर. आपल्याकडं या पट्ट्यांचं मानक एआयएस ०९० आहे. परदेशी मालावर ‘१०४ आर’ आणि ‘सी’ असा शिक्का असतो, ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमाची खूण. थ्रीएम, एव्हरी डेनिसन, ओराफोल या कंपन्यांच्या पट्ट्या या प्रकारात येतात. पैसे मण्यांच्या पट्टीच्या कितीतरी पट पडतात हे खरं. पण रोलच्या किमतीकडं पाहून घाबरू नये, कारण एका ट्रॉलीला आख्खा रोल लागतच नाही.

समजा ट्रॉलीचा मागचा फाळका दोन मीटर रुंद आहे आणि बाजू सव्वाचार मीटर लांब. मागं खालच्या कडेनं पूर्ण दोन मीटर आणि दोन्ही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा मीटर उभी, अशी तीन मीटर लाल. दोन्ही बाजूंना मिळून साडेआठ मीटर पिवळी. पुढच्या बाजूला दोन मीटर पांढरी. दोन ट्रॉल्यांचं धरलं तर सहा मीटर लाल, सतरा मीटर पिवळी, चार मीटर पांढरी. त्यात टांगायच्या पाटीसाठी दोन मीटर लाल वाढवा, तिचं पुढं सांगतो. ५० मीटरच्या लाल रोलमध्ये सहा जोड्या निघतात, पिवळ्यात जेमतेम तीन. रोल ४५ मीटरचाही येतो, तेव्हा लांबी विचारून घ्या. एका गावातल्या सहा वाहतूकदारांनी मिळून एक लाल, एक पांढरा आणि दोन पिवळे रोल घेतले की काम झालं, आणि दर माणशी खर्च डिझेलच्या हिशेबात शोधावा लागेल इतका खाली येतो. पिवळी थोडी कमी पडली तर बाजूला सलग न लावता वीतभर पट्टी आणि चार बोटं जागा अशी लावली तरी लांबी कळते. मागची लाल मात्र तोडू नका.

रंगांची अदलाबदल करू नये. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. पांढरी जास्त चमकते म्हणून काही जण तीच मागं लावतात. रात्री पांढरं दिसलं की समोरून काहीतरी आपल्याकडं येतंय असं माणसाचं डोकं समजतं, लाल दिसलं की पुढं काहीतरी चाललंय किंवा उभंय असं समजतं. तो अर्ध्या सेकंदाचा गोंधळ म्हणजे ८० च्या वेगात अकरा मीटर.

नकली शिक्क्यांचा माल भरपूर आहे. दुकानातच करून पाहता येईल अशी परीक्षा अशी. शिक्का अंगठ्यानं आणि थिनर लावलेल्या चिंधीनं घासा. खरा शिक्का वरच्या थराच्या आत असतो, निघत नाही. वर छापलेला शाईसारखा पुसला जातो. मग वीतभर तुकडा मागून घ्या, अंधाऱ्या गल्लीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात भिंतीला धरायला सांगा आणि तीस पावलं मागं जा. मोबाइलची बॅटरी कानशिलाला, डोळ्याच्या अगदी शेजारी धरा. बहुतेकांचं इथंच चुकतं. बॅटरी कमरेजवळ धरली तर उजेड बॅटरीकडं परत जातो, डोळ्यांकडं नाही, आणि चांगली पट्टीही मंद वाटते. डोळ्याजवळ धरल्यावर खरी लाल पट्टी निखाऱ्यासारखी पेटते. मण्यांची नुसती लालसर दिसते. चमकी दिसतच नाही. पट्टी थोडी तिरकी करून पुन्हा पाहा, कारण रस्ता वळणाचा असतो आणि ट्रॉली नेहमी सरळ समोर नसते. तिसरी परीक्षा घरी: तुकडा पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवा. कडेनं थर सुटायला लागला तर रोल परत.

एक गोष्ट ट्रकवाल्यांनी आणि एसटीच्या ड्रायव्हरांनी जाणून ठेवावी अशी आहे. पट्टी उजेड दिव्याकडं परत पाठवते, आणि डोळा दिव्यापासून जितका लांब तितका कमी उजेड त्याला मिळतो. कारमध्ये डोळा दिव्यापेक्षा साधारण दोन फूट वर असतो. एसटीत किंवा ट्रकमध्ये ते अंतर पाच फुटांवर जातं. म्हणून तीच पट्टी कारवाल्याला शंभर मीटरवर लख्ख दिसते आणि उंच बसलेल्या ड्रायव्हरला बरीच मंद. मण्यांच्या पट्टीचं तेज मुळात कमी, त्यामुळं उंच गाडीतून ती जवळजवळ हरवतेच. ‘मला तर दिसली’ असं कारवाल्यानं सांगितलं म्हणून ट्रॉली सगळ्यांना दिसते असं नाही.

लावण्याची पद्धत मालाइतकीच महत्त्वाची. हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या आवारात आरटीओ, पोलीस आणि कारखाना मिळून ट्रॉल्यांना पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात, ते चांगलंच आहे. पण रांगेत उभ्या ट्रॉलीच्या मातकट, गंजक्या फाळक्यावर घाईनं चिकटवलेली पट्टी आठवड्यात कडा सोडते आणि पंधरा दिवसांत लोंबायला लागते. चिकट थर लोखंडाला धरायला हवा, तो धुळीला धरतो आणि धुळीसकट निघतो. आधी गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं काढा. प्रायमरचा एक हात द्या आणि दोन दिवस वाळू द्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर पट्टी लावली तर आत फोड येतात. लावायच्या आधी थिनरनं पुसा. रॉकेल किंवा डिझेलनं पुसू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर काहीच धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत काम असेल तर सकाळी करू नका. पत्रा गार असतो, गोंद कडक राहतो. दुपारी पत्रा उन्हानं कोमट झाला की लावा. मागचा कागद एकदम न ओढता हातभर काढायचा, एका टोकाकडून दाबत न्यायचं आणि वरून जाड कापडानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं जोर देऊन घासायचं. रिव्हेट किंवा वेल्डिंगची गाठ मधे आली तर पट्टी तिच्यावरून ताणून नेऊ नका, तिथं कापा आणि पुढं नवी सुरू करा. ताणलेली पट्टी गाठीवर उचलली जाते, तिथून पाणी आणि माती शिरते. पोळ्याच्या नक्षीच्या काही पट्ट्यांत प्रिझममागं हवेचे बंद कप्पे असतात. कापलेल्या कडेचे कप्पे उघडे पडतात आणि पाण्यानं निकामी होतात, म्हणून कापे जितके कमी तितकं बरं. त्यानंतर एक दिवस ट्रॉली धुऊ नका.

उंची जमिनीपासून दोन ते पाच फुटांच्या मधे. त्यापेक्षा खाली चाकाचा चिखल बसतो, त्यापेक्षा वर डिपर लाइटचा उजेड नीट पोचत नाही.

एवढं सगळं करून झाल्यावर जे घडतं ते या विषयातलं सगळ्यात दुखरं ठिकाण. ट्रॉली भरते. फाळक्याच्या वरून मागं हात-दीड हात ऊस लोंबतो, वाढं, म्हणजे उसाचा पाल्याचा शेंडा, खाली झुलतं आणि लाल पट्टी पूर्ण झाकली जाते. रिकामी ट्रॉली दिवाळीसारखी उजळते आणि भरलेली, म्हणजे जड, हळू आणि सगळ्यात धोक्याची असताना, काळी. यावर उपाय टांगती पाटी. दोन मीटर रुंद, वीतभर उंच पत्र्याची पट्टी घ्यायची, दोन्ही टोकांना भोकं पाडायची, वर-खाली दोन ओळींत लाल पट्टी लावायची म्हटली तर चार मीटर लागते, एका ओळीत दोन. भरणं झाल्यावर ही पाटी साखळीनं उसाच्या मागच्या तोंडावर बांधायची, दोरीनं नाही, कारण दोरी मोळ्या खचल्या की ढिली पडते. पाटी मागच्या ट्रॉलीला. कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकतात तिथं, ट्रॉली खाली होताना ती काढून हेडच्या सीटमागं ठेवायची. हे काम दोन मिनिटांचं आहे. दिवसाला दोन-तीन खेपा म्हणजे सहा मिनिटं.

पाटीऐवजी कापडी फलक मिळतो, बरेच कारखाने तोच वाटतात. वजनाला हलका, बांधायला सोपा, किमतीलाही परवडतो. पण यात दोन जाती आहेत. एक राखाडी कापडाची, सेफ्टी जॅकेटवर असते तशी. तिचे मणी उघडे असतात. दव पडलं, कापड ओलं झालं की तेज झपाट्यानं उतरतं. थंडीच्या रात्री दवानं निथळणाऱ्या उसावर बांधायची वस्तू ओली होऊन चालत नाही. दुसरी जात प्लॅस्टिकच्या चादरीवर प्रिझम असलेली, ओली झाली तरी चालते. फलक घेताना त्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बॅटरीची परीक्षा पुन्हा करा, फरक लगेच कळतो. राखाडी जातीचा फलक रात्री पांढरा दिसतो, त्यामुळं त्याला लाल काठ नसेल तर घेऊ नका. फलकावर कारखान्याचं नाव, नेत्याचा फोटो आणि शुभेच्छा मोठ्या, आणि चमकणारा भाग चार बोटांचा, असेही फलक बाजारात आहेत. फलकाचा निम्मा भाग तरी चमकणारा हवा.

माती हा पट्टीचा कायमचा शत्रू. काळ्या रानातून निघालेल्या ट्रॉलीच्या मागच्या अंगावर दोन खेपांत थर बसतो आणि महागाची पट्टी चमकीच्या पंगतीला जाऊन बसते. पुसायला वेळ नाही ही सबब खरी नाही. कारखान्याच्या केनयार्डात, म्हणजे ऊसवाहनांच्या तळावर, नंबर लागेपर्यंत वाहन तासन्‌तास उभं असतं. ओलं फडकं आणि पाण्याची बाटली एवढंच सामान लागतं. सुक्या फडक्यानं घासू नका, मातीतल्या कणांनी वरचा थर ओरखडतो.

पट्टी दिव्याची जागा घेत नाही, हे पुन्हा सांगायला हवं. पहाटे नदी-कालव्याच्या कडेनं धुकं असतं तेव्हा समोरच्याचा उजेड धुक्यातच विखुरतो, पट्टीपर्यंत जाऊन परत यायला फारसा उरत नाही. मोटारसायकलचा दिवा मुळात मिणमिणता. अशा वेळी टेल लॅम्पच हवा. ट्रॉलीच्या वायरिंगमध्ये बिघडतं ते नेहमी एकाच जागी, हूकजवळच्या सॉकेटमध्ये. ट्रॉली सोडताना पिन न काढता हेड पुढं घेतलं की तार तुटते, आणि मग हंगामभर कोणी जोडत नाही. दुसरं म्हणजे मागच्या ट्रॉलीपर्यंत तार नेलेलीच नसते. पुढच्या ट्रॉलीचा दिवा मागच्या ट्रॉलीनं झाकला जातो, त्यामुळं त्याचा उपयोग शून्य. तार दांड्याच्या नळीतून न्या, हूकपाशी वीतभर जादा सैल ठेवा म्हणजे वळताना ताण येत नाही. अर्धा दिवस आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी, एवढाच खर्च.

सोलर ब्लिंकरला सध्या मागणी आहे. लाल ब्लिंकर पूरक म्हणून चांगला. चुंबकाचे घेऊ नका, खड्ड्यात पडतात. नट-बोल्टचे घ्या. वरची काच धुळीनं भरली की चार्जिंग बंद, आणि आतली बॅटरी दुसऱ्या हंगामात दम टाकते. पण निळ्या, हिरव्या, रंगीबेरंगी माळा मागं लावणं घातक. मागून येणाऱ्याला ती टपरी आहे, वरात आहे की वाहन, हेच कळत नाही. ट्रॅक्टरच्या मागचा नांगरटीचा पांढरा दिवा रस्त्यावर चालू ठेवणं त्याहून वाईट. रिकाम्या एका ट्रॉलीच्या वरून तो थेट मागच्याच्या डोळ्यांत जातो. शेतातून डांबरीवर चढताना हे बटण बंद करायचं, त्याला पैसा लागत नाही. तसाच मोठ्या आवाजाचा डेक. साउंडचे डबे मडगार्डवर बसवलेल्या ट्रॅक्टरला मागून कितीही हॉर्न दिला तरी ऐकू जात नाही, आणि मागचा ड्रायव्हर वैतागून चुकीच्या जागी ओव्हरटेक करतो. चांगली पट्टी लावलेल्या ट्रॅक्टरचाही धोका हा डेक वाढवतो.

बंद पडलेल्या ट्रॉलीचं वेगळं सांगतो, कारण चालत्यापेक्षा उभी ट्रॉली जास्त घात करते. पंक्चर झालं की चाकाला दगड, मागं चार दगड, त्यावर एखादी फांदी, आणि ड्रायव्हर टायर घेऊन गावात. रात्री ते दगड कोणालाही दिसत नाहीत. काम झाल्यावर ट्रॉली निघून जाते आणि दगड रस्त्यावर तसेच राहतात, पुढच्या मोटारसायकलसाठी. हे प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक हंगामात घडतं आणि याला कोणतंही कारण चालणार नाही. चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे साखळीनं ट्रॉलीलाच बांधून ठेवा, म्हणजे ते मागं राहूच शकत नाहीत. रस्त्यावर ठेवायला लाल त्रिकोण घ्या. घडीचा त्रिकोण घेताना पायाचं वजन पाहा. हलका असेल तर पहिल्याच ट्रकच्या वाऱ्यानं आडवा होतो. हलकाच मिळाला तर किलोभर वाळूची पिशवी पायावर ठेवा. ट्रॉलीपासून शंभर पावलं मागं ठेवायचा, दहा नाही. वळणावर किंवा चढावर बंद पडली असेल तर वळणाच्या अलीकडं, चढाच्या पलीकडच्या अंगाला, जिथून येणाऱ्याला ट्रॉली अजून दिसत नाही तिथं. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या जागी शंभर पावलांचा हिशेब पुरत नाही, मागचं वळण गाठावं लागतं. धोकादायक स्थितीत वाहन सोडून जाणं हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणं गुन्हा आहे. रिफ्लेक्टरची सक्ती १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १०४ मध्ये आहे.

बैलगाडीला हेच नियम, मापं छोटी. मागच्या आडव्या दांडीला पत्र्याची लाल पाटी, दोन्ही बाजूंना पिवळी, जुवावर पांढरी. टायरगाडीच्या चाकाच्या डिस्कवर पिवळ्या पट्टीचे तीन तुकडे लावले तर फिरणारा उजेड पटकन लक्ष वेधतो. बैलाच्या शिंगांना गोंदाची पट्टी चिकटवू नका, चमकणारा कापडी पट्टा सैल बांधा. ऊसतोड कामगार पहाटे अंधारात कुटुंब घेऊन गाडीवर असतात. मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना गाडीमागं तीन मीटर पट्टी द्यायला हरकत नसावी.

मागून येणाऱ्यालाही काही पथ्यं आहेत. समोरून वाहन येत असताना अप्पर लाइट खाली न घेणाऱ्यामुळं ट्रॉलीची पट्टी दुसऱ्याला दिसत नाही, कारण डोळे दिपल्यावर लाल काहीच कळत नाही. डिपर मारा. एक ट्रॉली ओलांडली की लगेच डावीकडं घेऊ नका, दुसरी असते. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणाऱ्या पोरांना हटका, मोळी सैल झाली की तीच पुढं रस्त्यावर पडते.

कधी लावायची, तर खंडेनवमीच्या दोन दिवस आधी. पूजेसाठी ट्रॅक्टर-ट्रॉली तशीही घासून धुतात, पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरच्या उन्हानं पत्रा दुपारी हाताला कोमट लागतो आणि गाळप सुरू व्हायला काही दिवस हातात असतात. हळद-कुंकू आणि तेल पट्टीवर लावू नका, शेजारच्या पत्र्यावर लावा. हंगाम संपल्यावर टांगती पाटी धुऊन सावलीत उभी ठेवा. कापडी फलक घडी न घालता पाइपवर गुंडाळा, घडीवर प्रिझम तडकतात. आणि गोदामात खाली ठेवू नका, उंदीर कुरतडतात.